निसरड्या बर्फावरचा सर्वोत्तम खेळाडू

हॉकी म्हटले की आपल्याला हिरवे मैदान, पांढरा चेंडू आणि ध्यानचंद आठवतात. पण अमेरिका आणि कॅनडा या देशांत नुसते 'हॉकी' म्हटले, तर लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो बर्फावरचा खेळ. तेथल्या कॉलेजांमध्ये हा खेळ अतिशय जोमाने खेळला जातो. अमेरिकेत पुरुषांच्या वरच्या श्रेणीत साठाहून अधिक कॉलेजांचे संघ आहेत. त्या सर्वांमधून दरवर्षी एप्रिल महिन्यात एका खेळाडूची निवड होते आणि त्याला 'होबी बेकर पारितोषिक' दिले जाते. वर्षातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू तो!

यात विशेष ते काय, असे तुम्ही म्हणाल. विशेष आहे ते या पारितोषिकाच्या अटींमध्ये. खेळातले कौशल्य ही पहिली अट, हे तर उघडच आहे. पण त्याबरोबर खेळाडूची खिलाडूवृत्ती, मैदानावरचे आणि मैदानाबाहेरचे वर्तन, संघाशी असलेली निष्ठा आणि कॉलेजातला अभ्यास या गोष्टीही पाहाव्यात असे नियम सांगतात. गोल मोजता येतात. खिलाडूवृत्ती कशी मोजायची? आणि मोजता येत नसेल तर अशी अट घालण्यात काय अर्थ?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी बर्फावर उतरायला हवे. तेथे सभ्यपणे खेळणे किती अवघड आहे, हे भौतिकशास्त्रच आपल्याला सांगेल.

कॅरमचा बोर्ड आणि बर्फाचे मैदान

कॅरम खेळताना आपण बोर्डावर पावडर का टाकतो? सोंगटी आणि बोर्ड यांच्यातले घर्षण कमी व्हावे म्हणून. आता असा एक कॅरम बोर्ड कल्पा, की जो सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद आहे, आणि ज्यावर सोंगट्यांबरोबर खेळणारेही घसरत आहेत. बर्फावरची हॉकी ही साधारण अशी असते.

प्रत्येक संघाचे सहा खेळाडू एका वेळी मैदानात असतात, त्यांतला एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते. तिला 'पक' म्हणतात. तिचा व्यास ७.६ सेंटिमीटर, जाडी अडीच सेंटिमीटर आणि वस्तुमान १५६ ते १७० ग्रॅम. मैदानाभोवती छातीएवढी उंच फळ्यांची भिंत असते. कॅरमच्या लाकडी काठावर सोंगटी आपटून परत येते, तशी चकती या भिंतीवर आपटून परत येते.

आपल्याकडे लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळतात. अमेरिकेतल्या कॉलेजांत मात्र बंदिस्त सभागृहात कृत्रिम बर्फ तयार करतात. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचे जाळे बसवलेले असते आणि त्या नळ्यांतून शून्य अंशाच्या खाली थंड केलेले खारे पाणी फिरवतात. खारेच का? लाकडी बादलीचे आइस्क्रीमचे पॉट तुम्ही पाहिले असेल, तर त्यातले खडेमीठ आठवा. मीठ मिसळले की पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली उतरतो. त्यामुळे खारे पाणी उणे दहा अंशालाही नळीत न गोठता वाहू शकते. लादीवर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवून जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीचा बर्फ तयार करतात. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान उणे पाच-सहा अंश सेल्सिअस ठेवतात.

बर्फ निसरडा का?

हा प्रश्न लहान मुलाला पडावा इतका साधा आहे. पण त्याचे उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

जुन्या पुस्तकांत याचे उत्तर असे दिलेले असे: बर्फावर दाब दिला की त्याचा द्रवणांक उतरतो. खेळाडूच्या बुटाखालचे पोलादी पाते अरुंद असते, त्यामुळे दाब फार मोठा होतो, बर्फ वितळतो आणि पाण्याच्या थरावरून पाते घसरते. दाबामुळे द्रवणांक उतरतो हे जेम्स थॉम्सन यांनी १८४९ मध्ये गणिताने दाखवले होते. त्याचा उपयोग करून जॉन जोली यांनी १८८६ मध्ये स्केटच्या घसरण्याचे हे स्पष्टीकरण मांडले. बर्फाच्या लादीवर वजने बांधलेली तार ठेवली, तर ती लादीतून आरपार जाते आणि लादी पुन्हा सांधली जाते, हा पुनर्हिमायनाचा प्रयोग तुम्ही शिकला असालच. तत्त्व तेच.

स्पष्टीकरण सुंदर आहे. आता आपण आकडेमोड करून पाहू. खेळाडूचे वजन ८० किलोग्रॅम धरा. तो एका पायावर घसरत आहे. पाते सुमारे ३ मिलिमीटर रुंद असते आणि ते खालून किंचित वक्र असल्यामुळे त्याचा समजा १० सेंटिमीटर भाग बर्फाला टेकतो. म्हणजे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २७ किलोग्रॅम, किंवा सुमारे २६ वातावरणे. बर्फाचा द्रवणांक एक अंशाने उतरवायला सुमारे १३५ वातावरणांचा दाब लागतो. मग २६ वातावरणांनी किती उतरेल? फक्त ०.२ अंश! बर्फ तर उणे पाच अंशावर आहे. पात्याच्या कडाच तेवढ्या टेकतात असे मानून क्षेत्रफळ दहा पटींनी कमी केले, तरी द्रवणांक दोनच अंशांनी उतरतो. हिशेब जुळत नाही.

मग १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी दुसरे कारण पुढे आणले. पाते बर्फावर घासते, घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने बर्फाचा पातळ थर वितळतो. हे कारण वेगाने घसरणाऱ्या खेळाडूला लागू पडते. पण बर्फावर नुसते उभे राहणाऱ्याचाही पाय सटकतो. तेथे घर्षणाची उष्णता कोठून आली?

याचा धागा मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच दाखवून ठेवला होता. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना नुसते टेकवले तरी ते चिकटतात, हे पाहून त्यांनी अनुमान काढले की बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याखालीसुद्धा पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. त्या वेळी हे फारसे कोणी मनावर घेतले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पृष्ठभाग तपासण्याची नवी साधने आली आणि फॅरडे यांचे म्हणणे खरे ठरले. बर्फाच्या आत प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूने शेजारीच नाही, त्यामुळे त्याची बांधणी सैल असते आणि तो इकडे तिकडे सरकू शकतो. २०१८ मध्ये युरोपातील काही शास्त्रज्ञांनी पोलादाच्या गोळीने बर्फावरचे घर्षण मोजले, तेव्हा ते उणे सात अंशांच्या सुमारास सर्वांत कमी आढळले. त्याहून थंड बर्फात पृष्ठभागावरचे रेणू मंदावतात. त्याहून उबदार बर्फ मऊ पडतो आणि वस्तू त्यात रुतते. रिंक सांभाळणाऱ्यांनी अनुभवाने ठरवलेले तापमान याच्या किती जवळ आहे, पाहा!

थांबणेच अवघड

चालू स्थितीत स्केट आणि बर्फ यांच्यातला घर्षण गुणांक फार लहान असतो. चांगल्या गुळगुळीत बर्फावर तो ०.००५ च्या आसपास भरतो. सामन्यात बर्फ ओरखडलेला असतो, म्हणून आपण तो दुप्पट, म्हणजे ०.०१ धरू. ८० किलोग्रॅमच्या खेळाडूला अडवणारे बल मग ८ न्यूटनपेक्षाही कमी होते, म्हणजे पाऊण किलोच्या पिशवीच्या वजनाइतके!

हा खेळाडू सेकंदाला १० मीटर वेगाने जात असताना त्याने काहीच केले नाही, तर तो किती अंतरावर थांबेल? v² = २as हे सूत्र वापरा. त्वरण उणे ०.०९८ मीटर प्रतिसेकंद वर्ग आहे. उत्तर येते सुमारे ५१० मीटर. हवेचा विरोध आपण येथे सोडून दिला आहे, पण मुद्दा लक्षात आला असेल. मैदान आहे ६१ मीटरचे आणि थांबायला हवे आहे अर्धा किलोमीटर. तोच माणूस कोरड्या रस्त्यावर रबरी तळव्यांनी घसरत थांबला असता, तर सात-आठ मीटर पुरले असते.

मग खेळाडू वळतो आणि थांबतो कसा? पात्याच्या लांबीच्या दिशेने घर्षण नगण्य असते, पण आडव्या दिशेने पात्याची धार बर्फात रुतते. थांबायचे असले की खेळाडू दोन्ही पाती एकदम आडवी करतो. धार बर्फ खरवडत जाते आणि गतिज ऊर्जा त्या कामात खर्ची पडते. त्या वेळी उडणारा बर्फाचा भुगा तुम्ही चित्रफितीत पाहिला असेल. सेकंदाला ८ मीटर वेगाने ६ मीटर त्रिज्येचे वळण घेताना त्याला लागणारे अभिकेंद्री त्वरण गुरुत्वत्वरणाहूनही अधिक असते. म्हणूनच तो वळताना ४५ अंशांपेक्षा जास्त कललेला दिसतो.

आता दुसरा हिशेब करू. ८० किलोग्रॅमचा खेळाडू सेकंदाला ८ मीटर वेगाने भिंतीवर आदळला, तर त्याची गतिज ऊर्जा २५६० ज्यूल असते. सव्वातीन मीटर उंचीवरून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली पडल्यावर जमिनीवर आदळताना तेवढीच ऊर्जा असते. तो एक दशांश सेकंदात थांबला, तर त्याच्यावर सरासरी ६४०० न्यूटन बल पडते, म्हणजे त्याच्या वजनाच्या आठपट. समोरून तितक्याच वेगाने येणाऱ्या खेळाडूशी टक्कर झाली, तर दोघांचीही हीच गत होते.

आणि गंमत अशी की पुरुषांच्या या खेळात अंगाने धक्का देणे नियमात बसते! मात्र पाठीमागून धडक मारणे, काठीने पाय अडकवणे, काठी उंच उगारणे हे अपराध आहेत. अपराध्याला सामान्यतः दोन मिनिटे बाहेर बसवतात आणि तेवढा वेळ त्याचा संघ एका खेळाडूने कमी असतो. कायदेशीर धक्का आणि अपराध यांच्यात अनेकदा सेकंदाच्या दशांशाचे आणि वितीएवढ्या अंतराचे अंतर असते. थकलेला, चिडलेला, घसरत असलेला तरुण खेळाडू ती रेषा किती सहज ओलांडू शकेल याची कल्पना करा. या मैदानावर संयम राखायचा तर चांगुलपणाच्या जोडीला आपल्या संवेगावर पूर्ण ताबा असावा लागतो.

होबी बेकर कोण होता?

होबार्ट बेकर याचा जन्म १५ जानेवारी १८९२ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. न्यू हॅम्पशायरमधील निवासी शाळेत असताना तो गोठलेल्या तळ्यांवर स्केटिंग शिकला. रात्रीच्या अंधारात तो एकटाच चकती घेऊन सराव करी असे सांगतात. चकतीकडे न पाहता ती काठीशी खेळवता यावी हा त्याचा हेतू. नजर खाली नसली की समोर कोण कोठून येत आहे हे दिसते. आत्ताच केलेला टकरीचा हिशेब आठवा, म्हणजे या सवयीचे मोल कळेल.

१९१० ते १९१४ या काळात तो प्रिन्स्टन विद्यापीठात शिकला. तेथे तो बर्फावरच्या हॉकीबरोबर अमेरिकन फुटबॉलही तितक्याच तोलाने खेळला. हॉकीत तेव्हा संघात सात खेळाडू असत. सातवा 'रोव्हर', म्हणजे मैदानभर मोकळा फिरणारा. बेकर रोव्हर होता. प्रतिस्पर्धी संघ त्याला अडवण्यासाठी सगळा जोर लावत. तरीही कॉलेजातल्या सगळ्या सामन्यांत मिळून त्याला शिक्षा झाली ती एक-दोनदाच, असे सांगितले जाते. सामना संपला की तो प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत जाऊन हात मिळवी, मग निकाल काहीही असो.

पहिल्या महायुद्धात तो वैमानिक म्हणून फ्रान्सला गेला आणि एका विमान तुकडीचा प्रमुख झाला. आपल्या तुकडीच्या विमानांना त्याने प्रिन्स्टनचे नारिंगी आणि काळे रंग दिले होते. ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबले. घरी परतण्याचा हुकूमही हाती पडला होता. २१ डिसेंबर १९१८ रोजी, निघण्यापूर्वी, त्याने दुरुस्त होऊन आलेल्या एका विमानाची चाचणी घेण्यासाठी शेवटचे उड्डाण केले. थोड्याच उंचीवर इंजिन बंद पडले आणि विमान कोसळले. त्या वेळी तो २६ वर्षांचा होता.

१९४५ मध्ये हॉकीच्या सन्मान दालनात पहिल्या मानकऱ्यांमध्ये त्याचे नाव आले. पुढे १९८० मध्ये मिनेसोटा राज्यातील ब्लूमिंग्टन येथील डिकॅथलॉन क्लबने त्याच्या नावाने पारितोषिक स्थापन केले. १९८१ मध्ये पहिला मान मिनेसोटा विद्यापीठाच्या नील ब्रोटेन याला मिळाला. २०२५ पर्यंत ४५ खेळाडूंना हे पारितोषिक मिळाले आहे. महिला खेळाडूंसाठी १९९८ पासून पॅटी कॅझमायर पारितोषिक दिले जाते. पॅटीही प्रिन्स्टनचीच खेळाडू. तिचे १९९० मध्ये २८ व्या वर्षी रक्ताच्या दुर्मिळ विकाराने निधन झाले.

मीटर आणि सेकंद यांची बेरीज

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. सर्वोत्तम खेळाडू कसा ठरवायचा?

१९९३ चा मानकरी मेन विद्यापीठाचा पॉल कारिया. तो पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याने ३९ सामन्यांत १०० गुण मिळवले. या खेळात गोल करणाऱ्याला एक गुण आणि त्याआधी चकती पुरवणाऱ्यालाही एक गुण देतात. कारियाच्या १०० गुणांपैकी स्वतः केलेले गोल २५ आणि दुसऱ्याला करून दिलेले ७५! नुसते गोल मोजले असते, तर त्याच्या खेळाचा तीन चतुर्थांश भाग हिशेबातून निसटला असता. काय मोजायचे हे ठरवण्यातच अर्धा निर्णय दडलेला असतो.

२००१ चा मानकरी मिशिगन स्टेट विद्यापीठाचा रायन मिलर. तो गोलरक्षक. त्या मोसमात त्याने शंभरातले ९५ फटके अडवले. बऱ्यापैकी गोलरक्षक शंभरातले ९० अडवतो. तुम्ही म्हणाल, फरक फक्त पाचाचा. पण संघाला किंमत मोजावी लागते ती न अडवलेल्या फटक्यांची. एकाकडून दहा सुटले, दुसऱ्याकडून पाच. म्हणजे फरक दुपटीचा आहे. आणि निष्णात खेळाडूचा फटका ताशी १५० किलोमीटरच्या पलीकडेही जातो. दहा मीटरवरून मारलेला असा फटका पाव सेकंदात गोलाशी पोचतो. माणसाला हालचाल सुरू करायलाच सुमारे ०.२ सेकंद लागतात.

आता सांगा, कारियाचे १०० गुण मोठे की मिलरचे शेकडा ९५? या दोन राशींची तुलना म्हणजे मीटर आणि सेकंद यांची बेरीज. एककेच वेगळी आहेत. २०२५ पर्यंत फक्त तीन गोलरक्षकांना हे पारितोषिक मिळाले आहे: १९८८, २००१ आणि २०२२ मध्ये. गोलरक्षक कमी प्रतीचे असतात म्हणून असे झाले, की गोल करणारा सहज डोळ्यांत भरतो म्हणून? विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

म्हणूनच येथे एकच सूत्र लावत नाहीत. आधी सर्व संघांचे प्रशिक्षक नावे सुचवतात. त्यांतून दहा नावे निघतात, मग तीन, आणि शेवटी एक. वर्षभर सामने पाहिलेल्या जाणकारांची समिती आकडे समोर ठेवून, पण आकड्यांपाशी न थांबता निर्णय करते. हा निर्णय कधी चुकूही शकेल. पण प्रयोगशाळेत एखादी राशी मोजायचे साधन आपल्यापाशी नसेल, तर ती राशी शून्य आहे असे आपण लिहीत नाही. जागा मोकळी ठेवतो आणि निरीक्षण चालू ठेवतो. पारितोषिकाच्या अटींत खिलाडूवृत्ती लिहिणाऱ्यांनी नेमके हेच केले. शाळेच्या प्रगतिपुस्तकात गुणांच्या रकान्याशेजारी 'शेरा' हा रकाना असतो. तो 'बरा' एवढ्या एका शब्दाने भरून न टाकता वर्षभराचे निरीक्षण करून भरला जावा, असे शिक्षकबंधूंना आणि भगिनींना सुचवावेसे वाटते.

करून पाहा

सामन्यापूर्वी चकत्या बर्फात गोठवून ठेवतात. का, ते शोधण्यासाठी रबराचा एक भरीव चेंडू घ्या. भिंतीला मोजपट्टी लावून तो एक मीटर उंचीवरून फरशीवर सोडा आणि तो किती उंच उसळतो ते पाच वेळा मोजून सरासरी काढा. नंतर चेंडू तीन-चार तास फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि बाहेर काढताक्षणी पुन्हा मोजा. उसळीची उंची भागिले सोडण्याची उंची, या भागाकाराचे वर्गमूळ म्हणजे प्रत्यानयन गुणांक. थंड रबराचा गुणांक कमी का येतो, आणि उड्या मारणारी चकती खेळाडूंना का नको असते, याची उत्तरे तुमच्या वहीत लिहा. चेंडू हळूहळू गरम होत असताना दर दोन मिनिटांनी मोजमाप घेऊन आलेखही काढता येईल. पाच वाचनांपैकी एखादे मनाजोगे आले नाही, म्हणून ते खोडू मात्र नका. खिलाडूवृत्ती प्रयोगाच्या वहीतही लागते.